लहान मुलांना टोमॅटो शिकवताना फुलापाशी थांबावे

चार ते सहा वर्षांच्या वीस मुलांना टोमॅटो कसा वाढतो आणि ताटापर्यंत कसा पोहोचतो हे कसे शिकवावे, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्याजवळ चार महिने आहेत, ऊन येणारा गच्चीचा एक कोपरा आहे, आणि बी, रोप, झाड, फळ अशी चित्रपट्टी अनेकदा दाखवूनही ‘टोमॅटो कुठून येतो’ या प्रश्नाला मुले ‘फ्रिजमधून’ असेच उत्तर देतात, ही तुमची अडचण आहे. मी पंचवीस वर्षे बालवर्गांबरोबर कुंड्यांमध्ये भाज्या लावत आले आहे, आणि माझ्या मते दोष मुलांच्या समजेचा नाही, त्या चित्रपट्टीचा आहे. तिच्यात झाडानंतर एकदम लाल फळ येते; मधले फूल गाळलेले असते किंवा शोभेपुरते काढलेले असते. फुलाचेच फळ होते हे मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नाही, तर झाड आणि फळ या त्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू राहतात, आणि मग फळ फ्रिजमधून आले काय किंवा कोणी झाडाला आणून टांगले काय, त्याला दोन्ही सारखेच वाटते.

सुरुवात बियांपासून करू नका. पहिल्या दिवशी काहीही न सांगता प्रत्येक मुलाला कागद द्या आणि ‘टोमॅटो खाण्याआधी कुठे होता’ ते काढायला सांगा. काही मुले तो बटाट्यासारखा जमिनीखाली काढतात, काही उंच झाडाच्या शेंड्यावर, काही पिशवीत. एकही चित्र दुरुस्त करू नका. मागे नाव आणि तारीख लिहून ती जपून ठेवा.

दुसऱ्या दिवशी देठासकट पिकलेला टोमॅटो आणा आणि कापण्याआधी तो मुलांच्या हातात फिरू द्या. वरच्या बाजूला हिरवी चांदणी असते, तिला बोट लावू द्या. देठावर एक लहानशी गाठ असते, तीही दाखवा. फळ तोडताना देठ बहुधा तिथेच सुटतो. मग टोमॅटो उलटा करून खालच्या टोकाला मधोमध असलेला बारीक ठिपका शोधायला सांगा. ही चांदणी आणि हा ठिपका म्हणजे फुलाच्या राहिलेल्या खुणा आहेत, पण हे त्या दिवशी सांगू नका. ‘या दोन खुणा कशाच्या असतील’ असा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि तो तसाच राहू द्या. माझ्या वर्गात हा प्रश्न दोन-अडीच महिने फळ्यावर असतो, आणि उत्तर सापडते त्या दिवशी मुले अक्षरशः ओढत नेऊन मला झाड दाखवतात.

त्यानंतर टोमॅटो आडवा कापा, म्हणजे आतले कप्पे स्पष्ट दिसतात. छोट्या चेरी टोमॅटोत बहुधा दोनच कप्पे असतात, मोठ्या जातींत अनेक; मोजायला मुलांना फार आवडते. कप्प्यांतले प्रत्येक बी एका बुळबुळीत पारदर्शक आवरणात असते, ते बोटांनी चाचपू द्या. ‘टोमॅटो इतका ओला असतो तर बी आतच का उगवत नाही’ असा प्रश्न एखादे मूल हमखास विचारते, आणि त्याचे उत्तर फार सुंदर आहे: तो बुळबुळीत गरच बियाला रुजण्यापासून थोपवून धरतो. म्हणून फळातून काढलेले बी पेरायचे असेल, तर गरासकट थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवून आंबवतात, आवरण सुटले की धुतात आणि सावलीत वाळवतात. अर्धे बी असे वर्गात तयार करा आणि अर्धे पाकिटातले आणा, कारण आणलेला टोमॅटो संकरित जातीचा असला तर त्याच्या बियांपासून येणारी झाडे आईसारखीच निघतील याची खात्री नसते.

पेरणीत अवघड काही नाही. भुसभुशीत, ओलसर माती, अर्धा ते एक सेंटिमीटर खोली आणि ऊब. हवा 20 ते 30 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असली तर 5 ते 10 दिवसांत कोंब वर येतो. एक बी मात्र दमट कागदावर काचेच्या बरणीत, काचेला टेकवून ठेवा, म्हणजे आधी मूळ खाली जाते आणि मग कोंब वर येतो हे मुलांना दिसेल. मातीतल्या बियाबाबत हा क्रम केवळ सांगून पटत नाही. पहिली जी दोन लांबट, साध्या कडांची पाने येतात ती बीजदले, आणि नंतर येतात ती कातरलेल्या कडांची खरी पाने. खरे पान हलकेच चोळून बोटांचा वास घ्यायला सांगा. तो वास आणि बोटांवर राहणारा हिरवट पिवळा डाग पानांवरच्या बारीक लवेतून येतो. इथेच एक नियमही घालून द्या: टोमॅटोची पाने आणि खोड खायचे नसते, आणि झाडाला हात लावल्यावर हात धुवायचे. पाने, खोड आणि कोवळी हिरवी फळे यांत टोमॅटिन नावाचे कडू द्रव्य असते. मुलांना घाबरवू नका. ‘हे झाडाचे स्वतःच्या रक्षणाचे साधन आहे’ एवढे पुरते.

चार-पाच खरी पाने आली, म्हणजे साधारण महिन्याने, रोपे मोठ्या कुंडीत हलवा. कुंडी किमान 30 सेंटिमीटर खोल असावी, रोज सहा तास तरी ऊन मिळावे, आणि रोप आधीपेक्षा खोल, खालच्या पानांपर्यंत खोड मातीत जाईल असे लावावे, कारण टोमॅटोच्या पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. चार मुलांत एक कुंडी पुरे आणि दोन कुंड्या जास्तीच्या. प्रत्येक मुलाला स्वतंत्र रोप देण्याचा मोह टाळा. एकाचे रोप वाढते, दुसऱ्याचे मरते, आणि वर्गाचे लक्ष झाडावरून स्पर्धेकडे जाते. लहान फळांची, बुटकी राहणारी जात निवडा. तिला फळ लवकर येते आणि काठीचा साधा आधार पुरतो.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण बालवर्गातली बहुतेक रोपे मुलांच्या प्रेमानेच मरतात. वीस मुलांनी रोज पाणी घातले तर मुळे कुजतात. पाण्याचे पाळीपत्रक करा, एक ठरावीक पेला ठेवा, आणि पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरांपर्यंत घालून पाहायची सवय लावा: बोटाला ओल लागली तर आज पाणी नाही. हा निर्णय मुलाने घ्यावा, शिक्षकाने नव्हे. पाणी मुळाशी घालावे, पानांवर नको, कारण सतत ओल्या राहणाऱ्या पानांवर रोग लवकर येतो. कधी भरपूर पाणी, कधी कोरड अशी हेळसांड झाली तर फळाच्या बुडाशी काळपट, चामड्यासारखा डाग पडतो. तो कीड लागल्याने पडलेला नसतो. फळाच्या टोकापर्यंत पुरेसे कॅल्शियम पोहोचलेले नसते, कारण ते पाण्याबरोबरच वर जाते. मोठ्या मुलांना एवढे कारण नीट समजते.

आता फूल. कुंडीत लावल्यानंतर महिना-सव्वा महिन्यात पिवळी फुले दिसू लागतात. त्या आठवड्यात इतर सर्व उपक्रम बाजूला ठेवा. फूल खाली मान घालून असते, म्हणून मुलांना जमिनीवर बसवून खालून पाहू द्या, भिंग असले तर फारच चांगले. पाच-सहा पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या दिसतील, मधोमध परागकोष, म्हणजे पराग ज्यांत तयार होतात त्या पिशव्या, एकमेकांना चिकटून झालेला पिवळा शंकू दिसेल, आणि पाकळ्यांच्या मागे हिरवी चांदणी. ही निदले. कोणी तरी मूल फळ्याकडे बोट दाखवेपर्यंत थांबा. टोमॅटोच्या डोक्यावरची चांदणी ती हीच. गळून पडलेले एखादे फूल उभे चिरून शंकूच्या आत बुडाशी असलेला, टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा मणी दाखवा. हे अंडाशय, म्हणजेच पुढचा टोमॅटो. त्यातून वर गेलेली नाजूक दांडी गळून पडते, आणि ती जिथे जोडलेली होती तिथे फळाच्या खालच्या टोकाचा ठिपका राहतो. या एका फुलात मुलांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे असतात आणि ती तुम्हाला सांगावीही लागत नाहीत.

परागीभवन शिकवताना ‘मधमाशी मध घेते आणि पराग नेते’ हे ठरलेले वाक्य इथे वापरू नये, कारण टोमॅटोच्या बाबतीत ते चुकीचे आहे. या फुलात मध नसतो, आणि परागकण शंकूच्या आत बंद असतात; फूल हलले, थरथरले की ते आतल्या आत सांडून त्याच फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे अंडाशयातून निघालेल्या दांडीच्या टोकावर, पडतात. उघड्यावर हे काम बहुतांशी वारा करतो. बंबलबी (जाड, केसाळ माशी, मधमाशीच्याच कुळातली) आणि काही जातींचे भुंगे फुलाला घट्ट धरून पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवतात, त्या गुणगुणण्याने पराग मोकळे होतात; नेहमीच्या मधमाश्यांना हे जमत नाही. काचघरांत टोमॅटो पिकवणारे लोक 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून यासाठी बंबलबींच्या पेट्या ठेवू लागले. तुमच्या कोपऱ्यात वारा कमी असेल तर मुलांना भुंगा होऊ द्या: दुपारच्या आधी, हवा कोरडी असताना, फुलाच्या देठाला बोटाने हलक्या टिचक्या मारायच्या. ज्या फुलाला टिचकी मारली त्याच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा. तो दोरा म्हणजे पुढच्या दीड महिन्याचा धडा आहे, कारण त्याच जागी पाकळ्या वाळतात, वाळलेले फूल हिरव्या मण्याच्या टोकाला टोपीसारखे काही दिवस लोंबते आणि मणी फुगत जातो. ‘माझ्या दोऱ्याचा टोमॅटो’ असे मूल म्हणू लागले की चित्रपट्टीची गरज संपली. सगळी फुले धरत नाहीत. दिवसाची उष्णता 35 अंशांच्या आसपास गेली तर फुले बरीच गळतात. म्हणून एका मुलाला एकच दोरा देऊ नका.

वाढ मोजण्यासाठी दर आठवड्याला फळाभोवती सुतळी गुंडाळून तेवढाच तुकडा कापा आणि कागदावर ओळीने चिकटवा. आकडे न येणाऱ्या मुलालाही वाढ दिसते, आणि शेवटी शेवटी तुकड्यांची लांबी वाढेनाशी होते तेव्हा ‘आता तो मोठा झाला, आता पिकेल’ हे ते स्वतःच सांगते. झाडावरचा एक घोस मात्र रोज वाचायला शिकवा. घोसात खोडाजवळची फळे वयाने मोठी आणि टोकाची लहान. एकाच घोसावर लालसर फळ, हिरवे फळ, वाळलेली पाकळी, उमललेले फूल आणि मिटलेली कळी असे सारे एका वेळी सापडू शकते. चार वर्षांच्या मुलाला ‘दोन महिन्यांपूर्वी’ म्हणजे काय ते कळत नाही, पण बोट टोकाकडून खोडाकडे सरकवताना काळ कसा गेला ते त्याला दिसते. माझ्या अनुभवात याहून चांगले साधन नाही.

पिकणे म्हणजे वाढणे नव्हे, हे वेगळे शिकवावे लागते. पूर्ण वाढलेल्या फळात इथिलीन नावाचा वायू तयार होतो, हिरवे रंगद्रव्य मोडते, लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तयार होते, गर मऊ होतो. पूर्ण वाढलेले दोन हिरवे टोमॅटो घ्या. एक पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवा, दुसरा एकटाच दुसऱ्या पिशवीत. केळ्याशेजारचा सहसा आधी लाल होतो, कारण केळेही तोच वायू सोडते. तिसरा, अगदी कोवळा टोमॅटोही ठेवा. तो पिकत नाही, सुरकुततो. मुलांच्या मनात ‘पिकायला आधी मोठे व्हावे लागते’ हे या तिसऱ्या फळामुळेच बसते, म्हणून ते वगळू नका.

रोपे मरतील, याची तयारी ठेवा. सुरुवातीच्या एका वर्षी सुट्टीत वाळलेल्या रोपाच्या जागी मी मुले येण्याआधी तसेच दुसरे रोप लावले. एका मुलीने पाहताक्षणी ओळखले, कारण जुन्या रोपाच्या तिसऱ्या पानाला तिने पाहिलेले छिद्र नव्या रोपाला नव्हते. तिने मला विचारले, “बाई, आमचे कुठे गेले?” मी टाळाटाळ केली आणि पुढे कित्येक दिवस ती मुलगी कुंडीकडे फिरकली नाही. तेव्हापासून मेलेले रोप मी मुलांसमोरच उपटते, मुळे धुऊन दाखवते, का मेले असेल ते त्यांना विचारते, आणि मग आम्ही ते खतात टाकतो.

ताटापर्यंतचा प्रवास तोडणीच्या दिवसापासून सुरू करा. मुलांनी आपला पिकलेला टोमॅटो गाठीशी वाकवून तोडावा आणि त्याच दिवशी एका खोल डब्यात दहा-बारा पूर्ण पिकलेले टोमॅटो एकावर एक रचून, डबा गच्चीवरून वर्गापर्यंत हातगाडीने किंवा दोघांनी धरून हलत डुलत न्यावा. तळाचे टोमॅटो काढून पाहिले की त्यांच्यावर चीर पडलेली किंवा दबल्याच्या खुणा दिसतात. तेच अर्धवट पिकलेले, टणक टोमॅटो उथळ ट्रेमध्ये नेऊन तुलना करा. आता सांगा की लांबच्या बाजारात जाणारा टोमॅटो बहुधा पूर्ण लाल होण्याआधी, बुडाशी रंग फिरू लागताच तोडतात आणि तो वाटेत, साठवणीत पिकतो. जवळ विकायचा असेल तर अधिक पिकू देता येतो. वाहतुकीचे हे कारण मुलांना ट्रकच्या चित्राने कळत नाही, हातात फुटलेल्या टोमॅटोने कळते.

पुढे प्रत्येक टप्प्याला ‘इथे कोणाचे हात लागले’ एवढा एकच प्रश्न विचारा. पेरणारे, रोप लावणारे, बगलफूट (पान आणि खोड यांच्या बेचक्यातली कोवळी फूट) खुडणारे, काठीला बांधणारे, पहाटे तोडणारे, आकार आणि रंगाप्रमाणे प्रतवारी करणारे, क्रेट भरणारे आणि उचलणारे, रात्री गाडी चालवणारे, तोलून विकणारे, धुणारे, चिरणारे. वर्गात एक टोमॅटो हातोहात फिरवा आणि प्रत्येक मुलाने आपले काम बोलून तो पुढे द्यावा. वीस मुले पुरत नाहीत, हे पाहून ती थक्क होतात. शक्य असेल तर टोमॅटो पिकवणाऱ्या किंवा विकणाऱ्या व्यक्तीला बोलवा, पण भाषण नको. त्यांनी फक्त प्रतवारी करून दाखवावी आणि मुलांनी ती करावी. कुठला टोमॅटो का बाजूला काढला हे विचारले की फेकले जाणारे फळही खाण्याजोगे असू शकते, त्याचा रस किंवा सॉस होतो, ही गोष्ट आपोआप निघते.

स्वयंपाकात दोन गोष्टी दाखवा. टोमॅटोत सुमारे 95 टक्के पाणी असते, म्हणून भांडेभर फोडी मंद आचेवर शिजवल्या की भांडे अर्ध्यावर येते. सुरुवातीची आणि शेवटची पातळी बाहेरून रंगीत पट्टीने दाखवा. दुसरी, गरम पाण्यात क्षणभर बुडवलेल्या टोमॅटोची साल कशी सुटते ती. ही दोन्ही कामे मोठ्यांनीच करावीत, मुलांनी सुरक्षित अंतरावरून पाहावे. आपला टोमॅटो त्यांनी कच्चाही चाखावा. पाच वर्षांखालील मुलांना चेरी टोमॅटो अख्खा कधीही देऊ नका. तो गुळगुळीत, गोल असल्याने घशात अडकू शकतो, म्हणून उभे चार तुकडे करून द्या. कोणाला टोमॅटोची ॲलर्जी आहे का हे पालकांना आधीच विचारा. आणि न खाणाऱ्या मुलाला आग्रह करू नका. मी पाहिले आहे की जे मूल पहिल्या दिवशी नुसते हुंगते, ते चौथ्या-पाचव्या वेळी बऱ्याचदा स्वतःहून जिभेला लावते.

‘टोमॅटो फळ की भाजी’ हा प्रश्न येणारच. झाडाच्या दृष्टीने ते फळ, कारण ते फुलापासून झाले आणि आत बी आहे. स्वयंपाकाच्या दृष्टीने भाजी. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत असे सांगायला कचरू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही 1893 मध्ये आयातकराच्या एका खटल्यात हाच वाद झाला, आणि न्यायालयाने वनस्पतिशास्त्रातील अर्थ मान्य करूनही व्यवहारातल्या वापरावरून टोमॅटोला भाजी ठरवले. मोठ्या गटातील मुलांना हेही ऐकवता येते की टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात आजही वाढतात, त्यांतल्या काहींची फळे मटारच्या दाण्याहून फारशी मोठी नसतात, आणि त्याचे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून आले आहे.

वेळेबद्दल एक सूचना. पेरणीपासून पिकलेल्या फळापर्यंत साडेतीन ते चार महिने लागतात, म्हणजे तुमची मुदत जेमतेम पुरेल. त्यामुळे पेरणीच्याच आठवड्यात रोपवाटिकेतून फुलावर आलेले एक झाड आणून ठेवा. पेरलेली रोपे उशिरा आली किंवा गेली, तरी फूल पाहायचे राहणार नाही. याच झाडावर आधी दोरे बांधले तर लहान मुलांचा धीरही टिकतो.

शेवटच्या आठवड्यात पुन्हा कोरा कागद द्या, पहिल्या दिवशीचाच प्रश्न विचारा, आणि नवे चित्र पूर्ण झाल्यावरच जुने चित्र मुलाच्या हाती द्या. दोन्ही शेजारी ठेवून त्याला बोलू द्या. तुम्ही फक्त ऐका आणि तो काय म्हणतो ते चित्राखाली त्याच्याच शब्दांत लिहा. पाने किती रेखीव आहेत, ट्रक आला की नाही, हे मी नंतर पाहते. आधी पाहते ते त्यात पिवळे फूल आले आहे का, आणि ते टोमॅटोच्या ज्या टोकाला असते त्याच टोकाला काढले आहे का.